शिक्षणाचा सिंकिंग फंड

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त मे २०२५ मध्ये आपल्या सभागृहात पालक आणि विद्यार्थ्यांसाठी झालेले भाषण. वक्त्या सी विंगमधील सभासद असून एका महाविद्यालयाच्या कार्यालयातून निवृत्त झाल्या आहेत. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



सचिव मला म्हणाले, "काकू, वीस मिनिटं बोला. विषय आहे उच्च शिक्षणासाठी आर्थिक नियोजन." मी म्हटलं, अहो, असं नाव लावलंत तर कोणी खाली उतरणार नाही. त्यावर ते म्हणाले, शेवटी बटाटेवडे आहेत. तेव्हा आजच्या गर्दीचं श्रेय कोणाचं, ते आपल्याला माहीत आहे.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात ३१ वर्षं नोकरी केली. शेवटची १४ वर्षं शिष्यवृत्तीच्या खिडकीवर होते. खिडकीतून फारसं काही दिसत नाही, समोरच्याचा चेहरा आणि त्याच्या हातातली पिशवी, एवढंच. पण दर पावसाळ्यात एक वाक्य मी ऐकत आले: "मॅडम, आम्हाला कोणी सांगितलंच नाही." मुलगा हुशार, आई-वडील कष्टाळू, योजनेत बसणारे. पण एक दाखला नाही, किंवा प्रवेशच चुकीच्या मार्गाने घेतलेला. मग ते गळ्यातलं विकून फी भरायचे आणि मी खिडकीच्या आतून बघायचे.

आपल्या सोसायटीची नोंदणी २००० सालची. पहिल्या वर्षापासून आपण मेंटेनन्सबरोबर सिंकिंग फंड भरतोय. उपविधीच सांगतात, बांधकाम खर्चाच्या निदान पाव टक्का दरवर्षी बाजूला काढा. पहिल्या सर्वसाधारण सभेत त्यावरून केवढा वाद झाला होता, जुन्यांना आठवत असेल. "इमारत तर नवी कोरी, पैसे कशाला?" पण कारण सरळ आहे. इमारत जुनी होणार, हे ज्या दिवशी बांधली त्याच दिवशी ठाऊक असतं. तसंच मूल अठरा वर्षांचं होणार, हे ते जन्मतं त्या दिवशी ठाऊक असतं. तारीखसुद्धा माहीत असते! तरी आपण इमारतीसाठी फंड काढतो आणि मुलाच्या शिक्षणाचं म्हणतो, "बघू, वेळ आली की करू काहीतरी."

हे मी दुसऱ्यांना शिकवतेय असं समजू नका. आधी माझ्या घरातली गोष्ट सांगते. माझी मुलगी आज इथेच बसली आहे आणि तिला विचारूनच सांगते आहे.

२०१८ साली ती बारावी झाली. लहानपणापासून चित्रं काढायची, घरांचे नकाशे काढायची. आर्किटेक्चरसाठीची नाटा परीक्षा तिने दिली आणि गुणही चांगले मिळाले. त्याच वर्षी ह्यांची कंपनी बंद पडली. आम्ही मुलीला काही बोललो नाही. मुलांना पैशाची झळ लागू द्यायची नाही, हा आमचा नियम. पण आपले फ्लॅट केवढे, भिंती केवढ्या! एका रात्री आम्ही दोघं स्वयंपाकघरात हळू आवाजात हिशेब करत होतो. पाच वर्षांची फी, सामान, कॉम्प्युटर. हे म्हणाले, "कुठून आणायचे?" मी म्हटलं, "बघू." एवढंच बोलणं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आई, मला आर्किटेक्चर नाही करायचं. कंटाळवाणं आहे. मी बी. कॉम. करते." मी चार वेळा विचारलं. ती हसून तेच म्हणाली. आणि खरं सांगते, मंडळी, मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणून मी पाचव्यांदा विचारलं नाही.

पाच वर्षांनी एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती सहज बोलून गेली, "तुम्ही त्या रात्री बोलत होतात ना, मी जागी होते." माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. कारण त्या वर्षीचं आमचं उत्पन्न शिष्यवृत्तीच्या मर्यादेत बसत होतं. निम्मी ट्यूशन फी माफ झाली असती. उरलेल्याला शैक्षणिक कर्ज मिळालं असतं. सगळ्या गावाचे फॉर्म तपासणारी मी, आणि माझ्याच घरात हा हिशेब कागदावर कधी मांडला गेला नाही. पैसे कमी होते हे खरं, पण तिचं आर्किटेक्चर पैशापायी गेलं नाही. ते आमच्या न बोलण्यापायी गेलं. ती आज चांगल्या नोकरीत आहे, सुखात आहे. पण तो निर्णय तिने अर्धवट ऐकलेल्या बोलण्यावर घेतला, याची बोच मला आहे.

म्हणून आज दोनच गोष्टी सांगणार आहे: पैसे कोणत्या क्रमाने उभे करायचे, आणि ते मुलांशी बोलायचं कसं.

आधी क्रम. आपण काय करतो? पहिल्यांदा सोनं मोडतो, मग एफडी मोडतो, मग कर्ज काढतो, आणि दिवाळीच्या सुमारास कोणीतरी सांगतं की अहो, अर्धी फी माफ होत होती. हे सगळं उलटं करायचं. आधी सवलत, मग बचत, आणि उरलेल्यापुरतं कर्ज.

सवलत. आपल्या राज्यात बहुतेक योजनांचे अर्ज महाडीबीटी या एकाच पोर्टलवर होतात. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची निम्मी ट्यूशन फी मिळते. एका घरातल्या दोनच मुलांना लाभ मिळतो, तेवढं लक्षात ठेवा. अनुसूचित जाती-जमाती, भटक्या-विमुक्त जाती, ओबीसी यांच्यासाठी स्वतंत्र योजना आहेत, त्याही तिथेच सापडतील.

मुलींच्या आयांनी इकडे लक्ष द्या. जुलै २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि ओबीसी यांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. निम्मी नव्हे, पूर्ण.

पण दोन्हीकडे एक अट आहे आणि माझ्या खिडकीवर सर्वांत जास्त रडणं तिच्यावरून झालं. प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्था स्तरावर घेतला तर सवलत गेली. अभिमत आणि खाजगी विद्यापीठांनाही या योजना लागू नाहीत. पहिल्या राउंडला मनासारखं कॉलेज लागलं नाही की घरात घबराट होते. मग कोणीतरी ओळखीचा सांगतो, "मी सीट करून देतो." एका गडबडीच्या सहीने चार वर्षांची निम्मी फी अंगावर येते. सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा: ही जागा कॅपची आहे का? आणि देणगी मागितली तर लक्षात असू द्या, कॅपिटेशन फी घ्यायला महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे.

कॅपमध्येच ट्यूशन फी वेव्हर स्कीमच्या थोड्या जागा असतात, मंजूर जागांच्या वर पाच टक्के. तिथे ट्यूशन फी माफ असते, पण नंतर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. केंद्र सरकारच्या योजना नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर असतात. तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५० हजार. बारावीला आपल्या बोर्डात वरच्या वीस टक्क्यांत आलेल्या आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलांना पदवीसाठी वर्षाला १२ हजार मिळतात. बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी. वाल्यांनाही. आठवीतल्या मुलांच्या आई-वडिलांनी एनएमएमएस परीक्षेची चौकशी शाळेत करावी. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना त्यातून नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार मिळतात. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख.

इथे कोणाच्या मनात येईल, "आपण कशाला हात पसरायचे? चांगलं फ्लॅटमध्ये राहतो." मी हे खूप ऐकलं आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहं उभी केली. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यात कॉलेज काढलं ते कमवा आणि शिका या तत्त्वावर. आपल्याच घरातले कितीतरी आजोबा वार लावून जेवले आणि मॅट्रिक झाले. शिष्यवृत्ती घेण्यात लाज असती तर हा महाराष्ट्र शिकलाच नसता.

आता कागदपत्रं. हे काम कंटाळवाणं आहे, पण योजना याच पायरीवर हातातून जाते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र. उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा लागतो, म्हणून एप्रिल उजाडला की अर्ज करा. जात वैधतेला महिनोन् महिने लागू शकतात, ते अकरावीतच सुरू करा. आणि मुलाचं बँक खातं आधारशी जोडा. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे जोडलं गेलं असं नाही. सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी खातं जोडून द्या, असं बँकेला स्पष्ट सांगा. दोन-तीन खाती असतील तर शेवटी जोडलेल्या खात्यात पैसे जातात, आणि पोरं महिनाभर भलतंच पासबुक भरून बघत बसतात. आणखी एक: अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो. पहिल्या वर्षी मिळाली म्हणजे चारही वर्षं आपोआप मिळते, असं नाही.

बचत. समजा तुम्ही महिन्याला ५ हजार बाजूला टाकता आणि त्यावर वर्षाला ७ टक्के मिळतात. पाच वर्षं टाकले तर साधारण ३ लाख ५८ हजार होतात. दहा वर्षं टाकले तर ८ लाख ६५ हजार. पंधरा वर्षं टाकले तर जवळजवळ १५ लाख ८५ हजार. महिन्याचा हप्ता तोच. पंधरा वर्षांत तुम्ही घातलेत ९ लाख, उरलेले जवळपास सात लाख नुसत्या लवकर सुरू करण्याचे. दुसऱ्या बाजूला फीसुद्धा वाढते. वर्षाला ८ टक्क्यांनी वाढली तर नऊ वर्षांत दुप्पट होते. म्हणजे आज चौथीत असलेल्या मुलासाठी आजच्या फीचा आकडा धरून चालणार नाही.

पैसे कुठे ठेवायचे हे ज्याने त्याने ठरवावं, मी काही सल्लागार नाही. एवढं सांगते, मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर पोस्टात किंवा बँकेत सुकन्या समृद्धी खातं उघडता येतं. वर्षाला किमान २५० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख. पंधरा वर्षं भरायचं. सध्या व्याज ८.२ टक्के आहे. मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी शिल्लक रकमेच्या निम्म्यापर्यंत काढता येते. मुलगा असो की मुलगी, पीपीएफ आहेच. मुदत पंधरा वर्षांची, म्हणून मूल लहान असतानाच उघडलेलं बरं. आणि प्रवेशाला दोन-तीन वर्षं उरली की हे पैसे शेअर बाजाराच्या भरवशावर ठेवू नका. बाजार पडला म्हणून कॉलेज फीसाठी थांबत नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. म्हातारपणासाठी ठेवलेला पैसा, पीएफ, ग्रॅच्युइटी, सगळाच्या सगळा फीत घालू नका. शिक्षणाला कर्ज मिळतं, म्हातारपणाला मिळत नाही.

कर्ज. शैक्षणिक कर्जाचे साधारण नियम असे, की ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, ४ ते साडेसात लाखांना जामीनदार मागतात, त्यावर तारण मागतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. त्यातल्या यादीतल्या दर्जेदार संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल आणि दुसरी शासकीय शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत मिळत नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंत ३ टक्के व्याजाची सवलत आहे. ती वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरती आहे. आपलं कॉलेज यादीत आहे का, हे प्रवेशाचा पसंतीक्रम भरण्याआधी बघा.

हप्ते शिक्षण संपून साधारण एक वर्षाने सुरू होतात. लोक समजतात, तोवर काही द्यायचं नाही म्हणजे काही होत नाही. होतं! व्याज चालूच असतं. दरवर्षी दीड लाख याप्रमाणे चार वर्षांत ६ लाख उचलले, व्याज १० टक्के. पाचव्या वर्षाअखेर साधं व्याजच २ लाख १० हजार चढतं. ६ लाखांचे ८ लाख १० हजार झाले. सात वर्षांत फेडायचे म्हटलं तर हप्ता ९,९६० च्या जागी सुमारे १३,४५० होतो. आता दुसरा मार्ग बघा. शिकत असतानाच नुसतं व्याज भरत गेलं तर पहिल्या वर्षी महिन्याला १,२५० रुपये, दुसऱ्या वर्षी २,५००, असं करत चौथ्या वर्षी ५ हजार. मग मुलाच्या डोक्यावर सहाच लाख राहतात. तसं भरणाऱ्यांना बऱ्याच बँका व्याजात एक टक्का सूटही देतात. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, तेव्हा विचारा. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, नव्या पद्धतीत नाही.

आता दुसरी गोष्ट, बोलणं.

दहावीच्या सुट्टीत एक संध्याकाळ टीव्ही बंद करा. टेबलावर वही घ्या आणि मुलाला शेजारी बसवा. चार ओळी लिहा. एक, शिक्षणासाठी आपण बाजूला किती काढले आहेत. दोन, दर महिन्याला किती देऊ शकतो. तीन, किती कर्ज झेपेल. चार, कोणत्या योजनेत आपण बसतो. आकडा लहान असला तरी लिहा. मुलं आकड्याला घाबरत नाहीत, ती आपल्या कुजबुजीला घाबरतात. आकडा समोर असला की मूल स्वतः शोधायला लागतं. माझ्या खिडकीवर एक मुलगा यायचा, घरी रिक्षा चालवणारे वडील. त्याच्या वहीत अशाच ओळी होत्या, वडिलांच्या अक्षरात. एकही तारीख त्याने चार वर्षांत चुकवली नाही.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एकच. आई-बाबांचं अर्धं बोलणं ऐकून स्वतःचा पूर्ण निर्णय घेऊ नका. दार उघडून आत या आणि विचारा, "किती कमी पडतात?" हा उद्धटपणा नाही. तुम्ही आता त्या घराचे सभासद आहात.

शेवटी सोसायटीकडे एक मागणी. सचिव, घाबरू नका, सिंकिंग फंडाला हात लावायचा नाहीये! आपल्याकडे निवृत्त बँकवाले आहेत, एक सीए आहेत, कॉम्प्युटर येणारी दहा तरी मुलं आहेत. जूनच्या चार रविवारी, सकाळी दहा ते बारा, याच सभागृहात एक टेबल टाकू. फॉर्म भरायला मदत, कागद तपासून देणं, एवढंच. आपल्याकडे काम करणाऱ्या ताई, वॉचमनकाका, इस्त्रीवाले भाऊ, यांच्या मुलांसाठीही ते टेबल उघडं असेल. खरी गरज तिथे जास्त आहे. पहिलं नाव मी माझं लिहिते. आणि दुसरं नाव माझ्या मुलीने आत्ताच चिठ्ठीवर लिहून पुढे पाठवलं आहे.

पुढच्या पंचवीस वर्षांत आपली इमारत कदाचित पुनर्विकासाला जाईल. या सभागृहातली मुलं तोवर कुठल्या कुठे पोहोचलेली असतील. त्यातलं एकही मूल "आम्हाला कोणी सांगितलंच नाही" म्हणून मागे राहिलं नाही, एवढं झालं तरी माझी १४ वर्षांची खिडकी कामी आली असं मी समजेन.

वीस मिनिटांची पंचवीस झाली, माफ करा. वडे गरम आहेत.